बोलणे ऐकून घेणारी संस्था : कार्नेगी मेलन विद्यापीठातील संवाद-संशोधनाची वाटचाल

पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर. पोलादाच्या धंद्यात अमाप पैसा मिळवलेल्या ॲण्ड्र्यू कार्नेगी यांनी १९०० साली तिथे कामगारांच्या मुलांसाठी तांत्रिक शाळा काढली. १९१२ मध्ये तिचे कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी झाले आणि १९६७ मध्ये मेलन इन्स्टिट्यूटशी विलीन होऊन आजचे कार्नेगी मेलन विद्यापीठ उभे राहिले. पुढे पोलादाच्या भट्ट्या एकेक करून थंडावल्या. माणसाचे बोलणे यंत्राला कळावे या ध्यासाने इथे सुरू झालेले काम मात्र पन्नासहून अधिक वर्षे अखंड चालू आहे. या कामाचे आजचे मुख्य घर म्हणजे विद्यापीठाची लँग्वेज टेक्नॉलॉजीज इन्स्टिट्यूट. हैमे कार्बोनेल यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या यंत्रभाषांतर केंद्राचे १९९६ मध्ये या संस्थेत रूपांतर झाले. २०२६ हे तिचे तिसावे वर्ष. तिचा इतिहास सांगायचा तर मात्र आणखी मागे, १९६९ पर्यंत जावे लागते.

त्या वर्षी राज रेड्डी स्टॅनफर्डहून पिट्सबर्गला आले. १९३७ साली चित्तूर जिल्ह्यातल्या कटूर या खेड्यात जन्म, मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी, ऑस्ट्रेलियात पदव्युत्तर शिक्षण आणि स्टॅनफर्डला जॉन मॅकार्थी यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. असा त्यांचा प्रवास. पिट्सबर्गला ॲलन न्यूवेल, हर्बर्ट सायमन आणि ॲलन पर्लिस यांनी १९६५ मध्ये संगणकशास्त्राचा विभाग सुरू केलेलाच होता. माणूस विचार कसा करतो हा तिथल्या मंडळींचा जिव्हाळ्याचा प्रश्न होता. रेड्डींनी त्याला जोड दिली ती माणूस ऐकतो कसा, या प्रश्नाची.

हा प्रश्न वाटतो त्याहून फार अवघड आहे. कागदावर दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते, बोलण्यात ती नसते. एक शब्द दुसऱ्यात मिसळतो, अक्षरे गिळली जातात आणि तोच माणूस तेच वाक्य दोनदा बोलला तरी त्याचा ध्वनी हुबेहूब सारखा उमटत नाही. आपण हे सगळे समजून घेतो, कारण समोरचा काय म्हणू शकेल याचा अंदाज आपल्याला आधीपासूनच असतो. रेड्डींच्या गटाने हाच धागा पकडला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालेली ‘हिअरसे’ ही प्रणाली बुद्धिबळाची खेळी तोंडी सांगितली की ती ओळखत असे. बुद्धिबळच का? कारण पटाची स्थिती माहीत असली की त्या क्षणी कोणत्या खेळ्या शक्य आहेत हे यंत्राला ठाऊक असते आणि अस्पष्ट ऐकू आलेल्या शब्दाचा अर्थ लावायला तेवढा आधार पुरतो. तिच्या पुढच्या आवृत्तीत ध्वनी, शब्द, व्याकरण, अर्थ अशा वेगवेगळ्या अंगांच्या जाणकार आज्ञावल्या एका सामायिक फळ्यावर आपापले अंदाज मांडत आणि एकमेकांचे अंदाज पाहून स्वतःचे सुधारत. ही फळ्याची रचना पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कितीतरी शाखांनी उचलली.

त्याच काळात, त्याच इमारतीत दोन वेगळ्या वाटाही चोखाळल्या जात होत्या. जेम्स बेकर यांनी शुद्ध गणिती, संभाव्यतेवर आधारलेली ‘ड्रॅगन’ ही प्रणाली उभी केली. ब्रूस लोअर यांनी १९७६ मध्ये ‘हार्पी’ तयार केली. शक्य असलेली सगळी वाक्ये एका जाळ्यात आधीच गुंफून ठेवायची आणि ऐकू आलेल्या ध्वनीशी सर्वांत जुळणारी वाट त्यातून शोधायची, अशी तिची पद्धत होती. हार्पीला १,०११ शब्द कळत. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संशोधन यंत्रणेने १९७१ मध्ये हजार शब्दांचे जे उद्दिष्ट ठेवले होते, ते तिने गाठले. एकाच प्रमुखाच्या छत्राखाली परस्परविरोधी मतांचे तीन प्रयोग एकाच वेळी चालू देणे ही रेड्डींची खरी देणगी होती, असे मला वाटते. बेकर दाम्पत्याने १९८२ मध्ये ड्रॅगन सिस्टिम्स ही कंपनी काढली. बोललेले टिपून घेणारे ‘ड्रॅगन नॅचरली स्पीकिंग’ हे सॉफ्टवेअर १९९७ मध्ये बाजारात आले, तेही याच रोपाचे फळ.

मतभेदाला वाव देण्याची रेड्डींची ही वृत्ती काई-फू ली या त्यांच्या विद्यार्थ्याच्या बाबतीतही दिसली. रेड्डींचा कल तज्ज्ञांचे ज्ञान नियमांच्या रूपात यंत्रात घालण्याकडे होता, तर या तरुण विद्यार्थ्याला सांख्यिकी पद्धतीवर भिस्त ठेवायची होती. मत पटत नसतानाही रेड्डींनी त्यांना पूर्ण पाठबळ दिले, असे ली यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यातून १९८८ मध्ये ‘स्फिंक्स’ आली. तोवरच्या बहुतेक प्रणालींना प्रत्येक वक्त्याच्या आवाजाची आधी सवय करून द्यावी लागे, किंवा शब्द तुटक तुटक बोलावे लागत. स्फिंक्सला सुमारे हजार शब्दांचे सलग बोलणे कोणाच्याही तोंडून कळू लागले. २००० साली विद्यापीठाने स्फिंक्सचा स्रोत खुला केला आणि जगभरच्या महाविद्यालयांतल्या मुलांना हाताळायला एक खरी वाक्-प्रणाली मिळाली. रेड्डींना १९९४ चा ट्यूरिंग पुरस्कार एडवर्ड फायगेनबॉम यांच्यासह मिळाला, तोपर्यंत ते संगणकशास्त्र विद्यालयाचे अधिष्ठाता झाले होते.

एवढे सगळे झाले ते ओळखण्याचे. संवाद ही त्यापुढची पायरी आहे. शब्द बरोबर ओळखले तरी कोणी कधी बोलायचे, नीट कळले नसेल तर विचारायचे कसे, आधी सांगितलेले लक्षात किती ठेवायचे, हे प्रश्न उरतातच. १९९०च्या दशकाच्या अखेरीस डार्पाच्या ‘कम्युनिकेटर’ कार्यक्रमात ॲलेक्स रुडनिकी यांच्या गटाने दूरध्वनीवरून विमानप्रवास ठरवून देणारी प्रणाली उभी केली. तिच्या अनुभवातून डॅन बोहुस आणि रुडनिकी यांनी २००३ मध्ये ‘रेव्हनक्लॉ’ हा संवाद-व्यवस्थापक रचला. त्यात कामाचे टप्पे एका बाजूला आणि चुका निस्तरण्याची रीत दुसऱ्या बाजूला ठेवली होती. नवी सेवा उभारणाऱ्याला फक्त कामाचे टप्पे सांगावे लागत, ‘पुन्हा सांगता का?’ हा भाग आपोआप हाताळला जाई.

या संस्थेच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान कोणते, असे कोणी विचारले तर मी ‘लेट्स गो’चे नाव घेईन. मॅक्सीन एस्केनाझी आणि ॲलन ब्लॅक यांनी पिट्सबर्गच्या बससेवेची माहिती देणारी ही प्रणाली हाती घेतली, ती मुळात वृद्धांसाठी आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठी. म्हणजे ज्यांचे बोलणे यंत्राला सर्वांत कठीण जाते, त्यांच्यापासूनच सुरुवात. मार्च २००५ मध्ये ती शहराच्या परिवहन प्राधिकरणाच्या खऱ्या क्रमांकाला जोडली गेली. आठवड्याच्या कामकाजाच्या दिवशी संध्याकाळी सातनंतर चौकशी खिडकीची माणसे घरी गेली की सकाळी सहापर्यंत फोन या यंत्राकडे येत.

प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना पैसे देऊन केलेल्या चाचण्यांमध्ये आणि रात्री थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या फोनमध्ये जमीनअस्मानाचा फरक असतो, हे पहिल्याच महिन्यांत कळून आले. मागे गाड्यांचा आवाज, घरात चालू असलेला टीव्ही, कडेवरचे रडणारे मूल. थांब्याचे अधिकृत नाव एक आणि लोक म्हणतात दुसरेच. ‘मी काय मदत करू?’ असा मोकळा प्रश्न विचारला की फोन करणारा गोंधळे, म्हणून कुठून निघणार, कुठे जाणार, केव्हा, असे सुटे प्रश्न विचारणे भाग पडले. यंत्राला कळले नाही की माणूस मोठ्याने, शब्द तोडून तोडून सांगतो आणि यंत्राला ते नेहमीच्या बोलण्यापेक्षाही कमी कळते, हाही अनुभव रोजचा होता.

आंत्वान रो या संशोधकाने याच फोनांच्या आधारे एका लहानशा दिसणाऱ्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. माणसाचे बोलून झाले हे यंत्राने ओळखायचे कसे? तेव्हाच्या प्रणाली एक ठराविक शांतता मोजत. साधारण अर्ध्या ते एक सेकंदापर्यंत आवाज आला नाही की बोलणे संपले असे धरायचे. ही मर्यादा लहान ठेवली तर आजीबाई थांब्याचे नाव आठवत असतानाच यंत्र मध्ये तोंड घाले. मोठी ठेवली तर प्रत्येक उत्तरानंतर अवघडलेली शांतता पसरे आणि माणूस ‘हॅलो? हॅलो?’ करू लागे. रो यांनी दाखवले की ही मर्यादा एकच असण्याची गरज नाही. कोणता प्रश्न विचारला आहे, आतापर्यंत ऐकलेल्या शब्दांतून पूर्ण उत्तर हाती आले का, आवाजाचा सूर उतरला का, हे पाहून यंत्राने तितकाच वेळ थांबावे. २००८ मधल्या या कामामुळे यंत्र उत्तर लवकर देऊ लागले, तेही मध्येच तोडण्याचे प्रमाण न वाढवता. बोलण्याच्या पाळीचे हे गणित आजच्या प्रत्येक बोलक्या सहायकाला करावे लागते.

दुसरा एक प्रयोग शब्दांच्या निवडीचा. यंत्राच्या प्रश्नांतले नेहमीचे शब्द बदलून त्याच अर्थाचे दुसरे घातले, तर फोन करणारेही हळूहळू तेच शब्द वापरू लागतात, असे आढळले. दोन माणसे गप्पा मारताना एकमेकांचे शब्द उचलतात, तसेच रात्रीच्या बसची चौकशी करणारा माणूस यंत्राचे शब्द उचलत होता. यंत्राला जे शब्द नीट ओळखता येतात तेच त्याने स्वतः बोलावेत, म्हणजे समोरचाही तेच बोलेल, हा त्यातून निघालेला व्यवहारी धडा.

लेट्स गो अनेक वर्षे चालली आणि तिच्यात लाखाहून जास्त संभाषणे साठली. संस्थेने ही शिदोरी स्वतःपुरती ठेवली नाही. २०१० मध्ये इतर विद्यापीठांच्या आणि कंपन्यांच्या प्रणालींना पिट्सबर्गच्याच फोन करणाऱ्यांवर पारखून घेण्याची संधी दिली. २०१३ मध्ये संवादाच्या स्थितीचा माग ठेवण्याची जी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तिचा सारा विदा याच बसच्या फोनांचा होता. एका शहराच्या परिवहन सेवेने विद्यापीठावर विश्वास टाकला म्हणून हे घडले. आपल्याकडच्या संस्थांनी याचा जरूर विचार करावा.

ऐकण्याइतकेच बोलणेही महत्त्वाचे. ॲलन ब्लॅक एडिनबरोला ‘फेस्टिव्हल’ ही वाक्-निर्मिती प्रणाली करून १९९९ मध्ये पिट्सबर्गला आले. कोणालाही आपल्या भाषेत यंत्राचा आवाज तयार करता यावा म्हणून त्यांनी ‘फेस्टव्हॉक्स’ची साधने खुली केली. लहान यंत्रांवर चालणारी ‘फ्लाइट’ आली आणि नागोयाचे केइची तोकुदा यांच्यासह २००५ मध्ये ब्लिझर्ड स्पर्धा सुरू झाली. एकच ध्वनिसंग्रह सर्वांना देऊन कोणाचा आवाज ऐकायला बरा वाटतो हे श्रोत्यांकडून ठरवून घ्यायचे, अशी तिची रीत. या धाग्याने मराठीही या इतिहासात येते. कार्नेगी मेलनच्या भारतीय भाषांच्या ध्वनिसंग्रहात हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू यांच्या बरोबरीने मराठीचे आवाज आहेत आणि २०१५ च्या ब्लिझर्ड स्पर्धेतल्या सहा भारतीय भाषांत मराठी होती. मराठी बोलते यंत्र करणे म्हणजे काय हे ज्याला पाहायचे असेल त्याने ‘जग’ हा शब्द घ्यावा. दुनिया या अर्थाने त्यातला ज वेगळा, ‘तू सुखाने जग’ म्हणताना वेगळा, आणि लिहायचे मात्र एकच. शेवटच्या अक्षरातला अ लिहिण्यात आहे, उच्चारात नाही. हे सगळे यंत्राला कोणीतरी बसून शिकवावे लागते. २०१९ मध्ये ब्लॅक यांनी सुमारे सातशे भाषांतल्या बायबलच्या नव्या कराराच्या वाचनांतून ‘विल्डरनेस’ हा संग्रह सिद्ध केला. त्यांतल्या कित्येक भाषांचा आवाज त्याआधी कोणत्याही संगणकाने ऐकलेला नव्हता.

आता चेहऱ्याकडे वळू. २००३ च्या अखेरीस न्यूवेल-सायमन हॉलच्या दाराशी एक स्वागतिका रुजू झाली. लाकडी कक्षाच्या मागे यंत्राचे धड आणि त्यावर मान वळवणारा सपाट पडदा, पडद्यावर व्हॅलरी नावाच्या तरुणीचा चेहरा. ती आल्यागेल्याला पाहून नमस्कार करी, खोल्यांचे पत्ते आणि हवामान सांगे. बोलणे तिचे, पण पाहुण्यांनी मात्र कळफलकावर लिहायचे, कारण त्या गजबजलेल्या दालनात ऐकण्याची यंत्रणा टिकाव धरत नव्हती. रीड सिमन्स यांच्या गटाने या कामात विद्यापीठाच्या नाट्यविभागाला बरोबर घेतले. नाट्यविभागाच्या मंडळींनी व्हॅलरीला आई दिली, गाण्याची हौस दिली, फोनवर बोलायला माणसे दिली आणि तिच्या आयुष्याची गोष्ट आठवड्याआठवड्याने पुढे नेली. लोक पुन्हा पुन्हा यावेत, ओळख वाढावी, हा हेतू. २००५ मध्ये तिची जागा ‘टँक’ने घेतली. पुढे कतारमधल्या विद्यापीठाच्या शाखेत अरबी आणि इंग्रजी दोन्ही बोलणारी ‘हाला’ उभी राहिली. टँकच्या नोंदी पाहून मिन क्युंग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक निरीक्षण मांडले. जो माणूस संभाषणाची सुरुवात अभिवादनाने करतो, तो पुढेही टँकशी माणसाशी वागावे तसा सौजन्याने वागतो. अभिवादन न करणारा त्याला माहितीचे खोके समजतो. म्हणजे यंत्राने कसे बोलायचे हे पहिल्या वाक्यावरूनच ठरवता येते.

पडद्यावरच्या अशा अवतारांच्या अभ्यासाला शास्त्राचे बळ दिले ते जस्टिन कॅसेल यांनी. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये त्यांनी घरे दाखवणारी ‘रेआ’ ही पडद्यावरची बाई घडवली होती. हातवारे, नजर आणि मान हलवणे ही बोलण्याची सजावट नसून बोलण्याचाच भाग आहे, हा त्यांचा आग्रह. २०१० मध्ये त्या कार्नेगी मेलनला आल्या. समोरच्याच्या चेहऱ्यावरून, सुरावरून आणि शब्दांवरून सूर जुळला का हे ताडणारी त्यांची ‘सारा’ जानेवारी २०१७ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत पाहुण्यांना कोणाला भेटावे, कोणत्या सत्राला जावे हे सुचवत होती. मला मात्र त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. ‘ॲलेक्स’ हे पडद्यावरचे मूल आफ्रिकी-अमेरिकन मुलांशी शाळेच्या इंग्रजीऐवजी त्यांच्या घरच्या बोलीत बोलले, तेव्हा त्या मुलांची विज्ञानाची मांडणी अधिक चांगली झाली, असे त्यांच्या गटाला २०१३ मध्ये दिसले. घरची बोली वर्गात आणली की मूल मागे पडते, हा समज या प्रयोगाने हलवला.

लहान मुलांच्या वाचनासाठी जॅक मोस्टो यांनी चालवलेला ‘लिसन’ प्रकल्पही इथलाच. मूल मोठ्याने वाचते, संगणक ऐकतो आणि अडले तिथे मदत करतो. त्याच परंपरेतला स्वाहिली ‘रोबोट्यूटर’ टांझानियातल्या खेड्यांमध्ये पारखला गेला आणि जागतिक शिक्षण एक्सप्राइझच्या शेवटच्या पाच स्पर्धकांत पोहोचला.

पाकिस्तानातल्या ‘पॉली’ची कथा तर सविस्तर सांगायला हवी. रोनी रोझेनफेल्ड आणि आगा अली रझा यांना अक्षरओळख नसलेल्या कामगारांपर्यंत नोकरीच्या जाहिराती फोनवरून पोहोचवायच्या होत्या. पण ज्याने अशी सेवा कधी वापरलीच नाही त्याला ती शिकवणार कोण? त्यांनी खेळ रचला. मिस्ड कॉल द्यायचा, यंत्र उलट फोन करते. आपण काहीतरी बोलायचे, यंत्र तो आवाज बदलून गमतीदार करून ऐकवते, पुरुषाचा बाईचा करते, भलत्याच वेगाने पळवते, आणि आकडा दाबला की तो मित्राला पाठवता येतो. मित्र हसतो, तोही पुढे पाठवतो. मे २०१२ मध्ये लाहोरात मोजक्या पाच जणांना हा क्रमांक सांगितला होता. वर्षभरात दीड लाखाहून अधिक लोक त्यात आले आणि खेळता खेळता वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिराती ऐकू लागले. पुढे गिनी देशात इबोलाच्या साथीत याच मार्गाने आरोग्याची माहिती पसरवली गेली. इथे यंत्र बोलणे ओळखतच नव्हते. तरीही संवाद झाला, कारण त्या माणसाला फोन कसा वापरायला आवडतो हे आधी समजून घेतले होते.

गेल्या काही वर्षांत मोठ्या भाषा-प्रारूपांनी या क्षेत्राची घडी पार बदलली. रेव्हनक्लॉसारख्या हाताने रचलेल्या व्यवस्थापकांची जागा आता अफाट मजकुरावर शिकलेल्या जाळ्यांनी घेतली आहे आणि विद्यापीठाला न परवडणारी यंत्रसामग्री कंपन्यांच्या हाती आहे. तरीही पाळी ओळखणे, चूक निस्तरणे, बोलीत बोलणे आणि नजरेचा अर्थ लावणे हे प्रश्न सुटलेले नाहीत. प्रारूपे शिकतात ती उपलब्ध असलेल्या आवाजांवर, आणि ज्यांचा आवाज उपलब्ध नाही ते मागेच राहतात. लेट्स गोने वृद्धांपासून सुरुवात केली होती, पॉलीने निरक्षरांपासून. या संस्थेचे श्रेष्ठत्व मला तिथेच दिसते.

मराठीसाठी हे काम अजून व्हायचे आहे. प्रमाण मराठी थोडीफार ऐकवली गेली आहे. पण वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, मराठवाड्याची आणि कोल्हापूरची बोली, बेळगावची आणि तंजावरची मराठी यंत्रांना जवळपास अनोळखी आहे. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसवर मराठी आवाज देता येतो, भारत सरकारच्या भाषिणी प्रकल्पाच्या ‘भाषादान’मध्येही देता येतो, आणि त्यासाठी मोबाइल पुरेसा आहे. वाचकांना विनंती आहे की त्यांनी स्वतः तर बोलावेच, पण घरातल्या वडीलधाऱ्यांनाही त्यांच्या नेहमीच्या बोलीत, शुद्ध-अशुद्धाची भीती न बाळगता बोलू द्यावे. आणि ज्यांच्या हाती बसस्थानकाची, रुग्णालयाची किंवा ग्रामपंचायतीची चौकशी खिडकी आहे, त्यांनी जवळच्या महाविद्यालयाला एक फोनची तार जोडून द्यावी.